आधींचें दुखणें

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यांत सिहोरा नांवाचें एक गांव आहे. तुमसरहून बपेऱ्याकडे जाणारी सडक या गांवावरून पुढें मध्यप्रदेशाच्या हद्दीकडे जाते. भोंवतालीं धानाच्या बांध्या, जवळच चांदपूरचा मोठा तलाव, आणि थोड्या अंतरावर बावनथडी व वैनगंगा या नद्या. माझा जन्म या गांवचा. पुढें शिक्षकाच्या नोकरीनिमित्त मीं गांव सोडलें, तरी दिवाळीला तेथें जाणें माझ्याकडून सहसा चुकत नाहीं. गेल्या दिवाळींत आमच्या घरच्या ओसरीवर एक अगदीं साधा प्रसंग घडला. आजचें भाषण त्या प्रसंगांतूनच निघालें आहे.

माझा पुतण्या नागपुरास असतो. बारा वर्षें त्यानें एका कारखान्यांत नोकरी केली; पुढें ती सोडून त्यानें स्वतःचें लहानसें दुकान थाटलें. त्याला नऊ वर्षांची एक मुलगी आहे. नोकरी होती तोंपर्यंत कारखान्याच्या सामुदायिक विम्यांत सारें कुटुंब होतें आणि मुलीच्या इस्पितळाचा खर्च त्यांतून भागत असे. नोकरी सुटली तसा तो विमाहि सुटला. आतां स्वतःच्या पैशानें कुटुंबाचा आरोग्यविमा उतरावा, या विचारानें त्यानें ओळखीच्या एका विमा-प्रतिनिधीस सुट्टींत घरींच बोलावलें होतें. नांव, वय, धंदा, उंची, वजन हीं कलमें भराभर लिहून झालीं. मग प्रश्न आला, कुटुंबांतील कोणास यापूर्वीं कांहीं आजार आहे काय? लेखणी तेथें थांबली. मुलीला जन्मापासून सिकलसेलचा आजार आहे.

प्रतिनिधि गृहस्थ स्वभावानें वाईट नव्हते. ते हलक्या आवाजांत म्हणाले, “भाऊ, हें लिहूं नका. लिहिलें तर अर्ज परत येईल.” पुतण्यानें माझ्याकडे पाहिलें. “काकाजी, तुम्हीच सांगा. लिहूं कीं नको?”

त्याला मीं काय उत्तर दिलें तें सांगण्यापूर्वीं, हा प्रश्न मुळांत कां विचारला जातो, तो विचारण्याचा हक्क कंपनीस किती असावा, आणि या एका प्रश्नावरून मोठमोठ्या राष्ट्रांत केवढें रण माजलें आहे, हें आपणांपुढें मांडण्याचा माझा विचार आहे.

सिकलसेल हा शब्द विदर्भांतील श्रोत्यांस नवा नाहीं. निरोगी माणसाच्या रक्तांतील तांबड्या पेशी वाटोळ्या असतात. या आजारांत प्राणवायु कमी पडला कीं त्यांचा आकार विळ्यासारखा होतो. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हातापायांत, छातींत, पोटांत असह्य कळा सुरू होतात. रक्त कमी पडतें, जंतूंचा संसर्ग चटकन होतो, प्लीहा व हाडें यांस इजा पोंचते. १९१० सालीं शिकागो येथील डॉ. हेरिक यांनीं या विचित्र पेशींचें वर्णन प्रथम प्रसिद्ध केलें. १९४९ सालीं लिनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनीं दाखवून दिलें कीं, रोगाचें मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूंतच आहे. आईबाप दोघेहि केवळ वाहक असले, म्हणजे स्वतःस कांहीं त्रास नसलेले असले, तरी प्रत्येक गरोदरपणीं मूल आजारी निपजण्याचा संभव चारांत एक असतो. भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली या आपल्या जिल्ह्यांत अशीं कुटुंबें पुष्कळ आहेत. हा प्रश्न देशव्यापी आहे हें ओळखून १ जुलै २०२३ रोजीं मध्यप्रदेशांतील शहडोल येथें मध्यवर्ती सरकारनें सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटि लोकांची तपासणी हा तिचा संकल्प असून २०४७ ही तिची मुदत आहे.

आतां विमापत्रांतील तो प्रश्न पुन्हां पाहा. ‘यापूर्वीं आजार होता काय?’ मधुमेहाच्या किंवा हृदयविकाराच्या रोग्याच्या आयुष्यांत, निदान एके काळीं, आजारापूर्वींचे दिवस होते. त्या दिवसांत तूं विमा कां उतरला नाहींस, असें त्याला कोणी विचारलें, तर तें कठोर वाटलें तरी निरर्थक म्हणतां येणार नाहीं. परंतु जी मुलगी हा आजार घेऊनच जन्मली, तिच्या आयुष्यांत ‘यापूर्वीं’ कोणतें? तिनें केव्हां यावयास हवें होतें? मला वाटतें, या विषयाचा सगळा गाभा या एका प्रश्नांत आहे.

मात्र विमा कंपन्या हा प्रश्न केवळ निर्दयपणानें विचारतात, असें समजणें अन्यायाचें होईल. त्यांची बाजू समजून घेण्यासाठीं आमच्याकडील तलावाचें उदाहरण घेऊं. भंडारा हा तलावांचा जिल्हा. मालगुजारीच्या आणि त्याहून जुन्या काळांत या मुलखांत गांवोगांव तलाव बांधले गेले. त्या कामांत कोहळी समाजाच्या कसबाची कीर्ति अजून ऐकूं येते. तलावाचें पाणी पाहिजे, तर उन्हाळ्यांत पाळीची डागडुजी केली पाहिजे आणि नहरांतला गाळ काढला पाहिजे. समजा, एका शेतकऱ्यानें दहा वर्षें पाळीवर मातीचें एक टोपलें टाकलें नाहीं, आणि अकराव्या वर्षीं पावसानें दगा देतांच तो म्हणाला, “मीहि गांवचाच आहें, माझ्या बांधीला पाणी द्या.” असें सारेच करूं लागले, तर पाळ कोण राखणार? पाळच राहिली नाहीं, तर पाणी कोणालाच मिळणार नाहीं. विमा कंपनीची भीति नेमकी हीच आहे. प्रकृति ठीक आहे तोंवर हप्ता भरावयाचा नाहीं, आणि दुखणें आल्यावर मात्र धांवत यावयाचें, असें लोक करूं लागले, तर आंत उरतात ते केवळ रोगी. मग हप्ता वाढतो. वाढलेल्या हप्त्यामुळें जे थोडेफार निरोगी असतात तेहि बाहेर पडतात. हप्ता आणखी वाढतो. आणि शेवटीं तो विमा बुडतो.

ही भीति खरी आहे. परंतु तिच्यावरचे उपाय दोन आहेत. एक उपाय असा कीं, उशिरां आलेल्यास दाराशींच अडवावें, किंवा कांहीं वर्षें ताटकळत ठेवावें. दुसरा उपाय असा कीं, गांवांतील प्रत्येकाकडून पाळीचें काम आधींच करून घ्यावें, म्हणजे उशिरां येणारा कोणी उरणारच नाहीं. पहिल्या उपायानें चुकार शेतकरी अडतो हें खरें. पण त्याच दाराशीं, ज्याची बांधी मुळांतच खडकाळ आहे असा निरपराधी शेतकरीहि अडतो. सिकलसेलची मुलगी ही त्या दुसऱ्या शेतकऱ्याच्या जागीं आहे.

या दोन उपायांतील झगडा अमेरिकेंत जितका उघडपणें लढला गेला, तितका दुसरीकडे क्वचितच लढला गेला असेल. आपल्यांतील पुष्कळांचीं मुलेंबाळें तिकडे आहेत, त्यांस ही हकीकत ठाऊक असेल. तेथें धनिक राष्ट्रांस साजेसा सार्वत्रिक आरोग्यविमा नव्हता. नोकरी असलेल्यास मालकाकडून विमा मिळे. वृद्ध व अतिगरीब यांच्यासाठीं १९६५ सालापासून सरकारी योजना होत्या. पण स्वतःच्या पैशानें विमा घेऊं पाहणाऱ्यास बहुतेक संस्थानांत कंपन्या आधींच्या आजाराबद्दल विचारीत, आणि अर्ज नाकारीत किंवा जबर हप्ता मागत. आजारी मूल घरीं असलेला बाप नको असलेली नोकरीहि सोडूं शकत नसे. माझ्या पुतण्यानें दुकानासाठीं नोकरी सोडली, तेव्हां जो धोका त्याच्या ध्यानांत आला नाहीं, तोच हा धोका.

२३ मार्च २०१० रोजीं राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनीं नव्या आरोग्यकायद्यावर सही केली. या कायद्याचीं तीन कलमें एकमेकांस टेकून उभीं होतीं. १ जानेवारी २०१४ पासून आधींच्या आजारामुळें कोणास नाकारतां येणार नाहीं व जास्त हप्ता आकारतां येणार नाहीं, हें पहिलें. प्रत्येकानें विमा घेतला पाहिजे, न घेतल्यास दंड, हें दुसरें. आणि ज्याची ऐपत नाहीं त्यास हप्त्यासाठीं सरकारी मदत, हें तिसरें. पहिलें कलम सर्वांना आवडे; दुसरें बहुतेकांना खुपे. परंतु दुसऱ्यावांचून पहिलें टिकविणें किती कठीण, याचा अनुभव त्या देशास पूर्वींच आला होता. वॉशिंग्टन संस्थानानें १९९३ सालीं रोग्यांस नाकारण्याची बंदी आणि सर्वांवर सक्ती, अशीं दोन्ही कलमें केलीं. १९९५ सालीं सक्ती तेवढी काढून टाकली. आणि १९९९ पर्यंत त्या संस्थानाच्या बहुतेक भागांत व्यक्तीला स्वतंत्रपणें नवा विमा विकत मिळेनासा झाला. पाळीवर माती टाकण्याची अट काढली, आणि पाणी सर्वांना देण्याचें वचन तेवढें ठेवलें, त्याचें हें फळ.

कायद्याच्या विरोधकांचें म्हणणें ऐकण्यासारखें होतें. तरुण व धडधाकट माणसांवर दुसऱ्याच्या दुखण्याचा भार सक्तीनें कां लादावा? सरकारनें नागरिकास विशिष्ट वस्तु विकत घेण्यास कां भाग पाडावें? रोग्यांचा विमा वेगळा काढून त्याला सरकारनें पैसा द्यावा, म्हणजे इतरांचे हप्ते खालीं येतील, असेंहि ते म्हणत. मात्र हा वेगळ्या विम्याचा प्रयोग २०१४ पूर्वीं पस्तीस संस्थानांनीं करून पाहिला होता. हप्ता भारी, पैसा अपुरा, आणि बहुतेक ठिकाणीं आधींच्या आजारासाठीं पुन्हां महिनोन्‌महिने थांबणें आहेच, असा त्याचा अनुभव होता.

२०१७ सालीं सत्तांतर झालें आणि कायदा रद्द करण्याची खटपट जोरानें सुरू झाली. ४ मे २०१७ रोजीं तेथील प्रतिनिधिगृहानें २१७ विरुद्ध २१३ मतांनीं एक विधेयक मंजूर केलें. त्यांत अशी सवड होती कीं, संस्थानाची इच्छा असल्यास, ज्याचा विमा मध्यें खंडित झाला आहे अशा माणसास त्याच्या प्रकृतीप्रमाणें हप्ता आकारतां यावा. म्हणजे नाकारावयाचें नाहीं, पण परवडूं द्यावयाचेंहि नाहीं. विधेयक वरिष्ठ सभागृहाकडे गेलें. मध्यंतरींच्या काळांत गांवोगांवच्या सभांतून आजारी मुलांचे आईबाप उभे राहून आपल्या प्रतिनिधींस जाब विचारीत होते. २८ जुलैच्या पहांटे रद्द करण्याची शेवटची, आंखूड केलेली सूचना मतास आली. सत्ताधारी पक्षाच्याच तिघांनीं विरोधी मत दिलें. मेंदूच्या कर्करोगाचें निदान नुकतेंच झालेले सिनेटर मॅकेन हे त्यांतील एक. सूचना ४९ विरुद्ध ५१ मतांनीं पडली.

तथापि लढा तेथेंच संपला नाहीं. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत करांच्या कायद्यांतून सक्तीचा दंड २०१९ पासून शून्यावर आणण्यांत आला. मग टेक्सस व इतर संस्थानें न्यायालयांत गेलीं कीं, दंड गेला तर सगळा कायदाच अवैध ठरवावा. १७ जून २०२१ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें, दावा आणण्याचा अधिकारच वादींस पोंचत नाहीं, असें सांगून सात विरुद्ध दोन मतांनीं तो फेटाळला. दंड गेला तरी विमा बुडाला नाहीं. कारण तिसरें कलम, म्हणजे हप्त्यासाठींची सरकारी मदत, ही खांब देऊन उभी होती. म्हणूनच पुढें भांडण त्या मदतीवर येऊन ठेपलें. तिची वाढीव रक्कम चालू ठेवावी कीं नाहीं, या वादांत १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ असे त्रेचाळीस दिवस तेथील सरकारचें पुष्कळसें कामकाज बंद पडलें होतें. यावरून ध्यानांत येईल कीं, ‘रोग्यास नाकारूं नये’ हें वाक्य लिहिणें सोपें आहे. त्याची किंमत कोणी द्यावयाची हें ठरविण्यांतच सारें राजकारण आहे.

आतां आपल्या घराकडे वळूं. ही कल्पना आपल्याला परकी आहे असें कोणी समजूं नये. नाशिक येथें जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें १९४६ सालच्या अहवालांत, पैशाच्या अभावीं कोणीहि योग्य औषधोपचारास मुकतां कामा नये, हें तत्त्व स्पष्टपणें मांडलें. त्याच सुमारास मध्यवर्ती सरकारचें मजूरखातें डॉ. आंबेडकरांकडे असतांना, प्रा. अदारकर यांनीं १९४४ सालीं कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना सादर केली. तिच्यांतून १९४८ चा कामगार राज्यविमा कायदा झाला आणि १९५२ च्या फेब्रुवारींत कानपूर व दिल्ली येथें तो अमलांत आला. या विम्यांत कामगाराच्या पगारांतून व मालकाकडून ठराविक वांटा घेतला जातो, आणि ‘तुला आधीं काय झालें होतें’ हा प्रश्न औषधोपचार देतांना विचारलाच जात नाहीं. कारण उघड आहे. कारखान्यांत शिरतांच प्रत्येकजण आंत येतो. उशिरां येण्याची सोयच नाहीं. पाळीची माती सर्वांनीं आधींच टाकलेली असते.

पुढें १९८६ सालीं सरकारी विमा कंपन्यांनीं मध्यमवर्गासाठीं ‘मेडिक्लेम’ नांवाचा विमा काढला. हा स्वेच्छेचा विमा होता. त्यामुळें आधींच्या आजाराची भिंत त्याच्याबरोबरच आली. ती भिंत आपल्याकडे कोणत्याहि विधिमंडळांत मतें मोजून हलली नाहीं. ती न्यायालयांच्या निकालांनीं आणि विमा नियामक प्राधिकरणाच्या नियमांनीं हळूहळू सरकत गेली. २६ फेब्रुवारी २०१८ रोजीं दिल्ली उच्च न्यायालयानें, ‘आनुवंशिक रोग’ असें मोघम कारण दाखवून विम्याची रक्कम नाकारणें हें भेदभावाचें आहे, असा निर्णय दिला. त्यांतील कांहीं व्यापक आज्ञांस सर्वोच्च न्यायालयानें पुढें स्थगिति दिली. तरी २०१९ च्या सप्टेंबरांत प्राधिकरणानेंच, आनुवंशिक रोगांना सरसकट वगळणारें कलम विमापत्रांत घालूं नये, असें ठरविलें. मग १ एप्रिल २०२४ पासून दोन महत्त्वाचे बदल झाले. आधींच्या आजारासाठीं थांबावयाची कमाल मुदत अठ्ठेचाळीस महिन्यांवरून छत्तीस महिन्यांवर आली. आणि सलग आठ वर्षांऐवजीं सलग पांच वर्षें हप्ते भरलेल्या माणसास, सिद्ध झालेली फसवणूक वगळतां, ‘तुम्हीं अमुक सांगितलें नव्हतें’ असें म्हणून रक्कम नाकारतां येत नाहीं, असा नियम झाला.

दुसऱ्या बाजूनें सरकारी योजना आल्या. २०१२ च्या जुलैंत आठ जिल्ह्यांत आणि २०१३ च्या नोव्हेंबरांत सर्व महाराष्ट्रांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली; तिला २०१७ सालीं महात्मा जोतिराव फुले यांचें नांव मिळालें. २३ सप्टेंबर २०१८ रोजीं मध्यवर्ती सरकारची आयुष्मान भारत योजना आली, आणि तिच्यांत आधींचे आजारहि पहिल्या दिवसापासून धरले आहेत. २०२३ च्या जुलैंत राज्य सरकारनें असा निर्णय घेतला कीं, फुले योजना राज्यांतील सर्वच कुटुंबांस लागू करावी व मर्यादा वर्षास पांच लक्ष रुपये असावी. सिहोऱ्याच्या शेतमजुराच्या मुलाला तुमसर, भंडारा किंवा नागपूर येथील नोंदलेल्या इस्पितळांत नेलें असतां, आजार आधींचा कीं नंतरचा, हें कोणी विचारीत नाहीं. ही लहानसहान गोष्ट नव्हे.

मग उणीव कोठें राहिली? दोन ठिकाणीं राहिली आहे. पहिली अशी कीं, सरकारी योजनेंत ठरलेल्या यादींतील उपचार, नोंदलेल्या इस्पितळांतच मिळतात. रोज घरीं घ्यावयाचें औषध, तपासण्या, डॉक्टरांकडील वारंवार फेऱ्या हा खर्च बहुतांशीं तिच्याबाहेर राहतो. म्हणून पुतण्यासारखा माणूस खाजगी विम्याकडे वळतो. आणि तेथें तीन वर्षें थांबण्याची अट उरतेच, शिवाय अर्जच नाकारण्याची मुभाहि कंपनीस उरते. तीन वर्षें हा काळ कागदावर लहान दिसतो. ज्या मुलीला वर्षांतून दोनदां-तीनदां इस्पितळांत न्यावें लागतें, तिच्या बापाला तो किती मोठा आहे हें विचारून पाहावें.

दुसरी उणीव मला अधिक गंभीर वाटते. अमेरिकेंतील संरक्षण विधिमंडळाच्या कायद्यानें आलें. म्हणून तें काढून घेण्यासाठीं विधिमंडळांत मत द्यावें लागलें, नांवानिशीं, उघड्यावर, आणि तें देतांना प्रतिनिधींना आपल्या मतदारांचीं तोंडें आठवावीं लागलीं. आपल्याकडील संरक्षण बहुतांशीं शासननिर्णयांनीं आणि नियामकाच्या नियमांनीं आलें आहे. छत्तीस महिन्यांची मुदत कमी झाली ती चांगलीच झाली. पण ती झाल्याचें किती घरांस ठाऊक आहे? आणि जें कोणाला न कळतां आलें, तें कोणाला न कळतां परतहि जाऊं शकतें. तेव्हां दोन गोष्टी कायद्यानेंच बांधल्या गेल्या पाहिजेत, असें माझें नम्र मत आहे. जन्मजात आजाराला ‘आधींचा आजार’ म्हणतां येऊं नये. आणि प्रत्येक मूल जन्मतःच कोणत्या तरी सामायिक विम्यांत यावें, त्याचा हप्ता ऐपतीप्रमाणें आईबापांनीं किंवा सरकारनें भरावा. एवढें झालें, तर कंपनीच्या भीतीलाहि जागा उरत नाहीं. कारण सर्वच आधीं आलेले असतील. यासाठीं निरोगी घरांना थोडा अधिक हप्ता द्यावा लागेल. तो देण्याची तयारी नसेल, तर रोग्यांविषयींची आपली कळवळ पोकळ आहे, हेंहि आपण मान्य केलें पाहिजे.

तोंपर्यंत आपल्या हातीं काय आहे? नोकरी सोडण्यापूर्वीं सामुदायिक विम्यांतून त्याच कंपनीच्या वैयक्तिक विम्यांत जातां येतें काय, हें लेखी विचारावें. तसें जातां आलें तर थांबण्याची जितकी मुदत भरली असेल ती वजा होते. कंपनी बदलावयाची असल्यास २०११ सालापासून मिळालेल्या सोयीचा उपयोग करावा आणि हप्त्यांत खंड पडूं देऊं नये. इस्पितळाचे कागद जपून ठेवावे. कंपनीचा निर्णय पटला नाहीं, तर विमा लोकपालाकडे दाद मागावी.

आणि आजार लपवूं नये. सर्वोच्च न्यायालयानें २००९ सालीं स्पष्ट सांगितलें आहे कीं, महत्त्वाची गोष्ट दडविल्यास कंपनीस रक्कम नाकारतां येते. उलटपक्षीं ६ डिसेंबर २०२१ च्या निकालांत त्याच न्यायालयानें असेंहि सांगितलें कीं, सांगितलेला आजार पाहून कंपनीनें एकदां विमापत्र दिलें, म्हणजे पुढें त्याच आजाराकडे बोट दाखवून तिला हात झटकतां येत नाहींत. तें प्रकरण प्रवासविम्याचें होतें. अमेरिकेस गेलेल्या एका गृहस्थांस सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर हृदयविकाराचा झटका आला, आणि कंपनीनें पैसे नाकारले होते. त्यांनीं आपला मधुमेह अर्जांत लिहिलेला होता. जें लिहिलें होतें, तेंच त्यांच्या बाजूनें उभें राहिलें.

ओसरीवर मीं पुतण्यास हेंच सांगितलें. “बाबा, लिही. न लिहितां विमा मिळाला, तर तूं हप्ते भरीत राहशील आणि ज्या दिवशीं पैशाची गरज पडेल, त्या दिवशीं तुझ्या हातीं कांहीं लागणार नाहीं. लिहून अर्ज परत आला, तर निदान आपण कोठें उभे आहोंत हें कळेल, आणि दुसऱ्या दाराशीं जातां येईल.” तो कांहीं वेळ गप्प बसला. अंगणांत मुलगी रांगोळींत रंग भरीत होती. तिला आपल्याविषयीं बोलणें चाललें आहे हें कळलें असावें, कारण ती एकाएकीं शांत झाली होती. मग त्यानें त्या रकान्यांत ‘होय’ असें लिहिलें, आणि खालीं रोगाचें नांव लिहिलें.

तो अर्ज तीन आठवड्यांनीं परत आला. कारण म्हणून एक ओळ होती. दुसऱ्या कंपनीनें, हप्ता बराच वाढवून आणि छत्तीस महिन्यांची अट घालून, विमा दिला. दर महिन्याला तो हप्ता बाजूला काढतांना दुकानाचा हिशेब ओढाताणीचा होतो, असें तो मला सांगतो. मुलीचें औषध सरकारी दवाखान्यांतून चालूं आहे. गेल्या उन्हाळ्यांत एकदां तिला इस्पितळांत ठेवावें लागलें, तेव्हां फुले योजनेचा आधार झाला. छत्तीसांपैकीं अजून बरेच महिने उरले आहेत. घरच्या दिनदर्शिकेवर तिची आई दर महिन्याअखेर एक खूण करते.

श्रोतेहो, आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं असा अर्ज केव्हां ना केव्हां येईल. तो भरतांना आपल्याला ‘नाहीं’ असें खरेपणानें लिहितां आलें, तर तें आपलें भाग्य समजावें. आणि ज्या घरांत ‘होय’ लिहावें लागतें, त्या घरांचा भार थोडा आपणहि उचलावा, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.